उंबऱ्याबाहेरचा तरपा



या ख्रिस्ती संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही माझ्याकडे दिलंत याबद्दल मी आभारी आहे. माझं आयुष्य परिचारिकेच्या नोकरीत गेलं. लिहिलं ते ख्रिस्ती मासिकांतून, रात्रपाळ्या सांभाळून. माझ्याआधी या जागेवरून बोलून गेलेल्या थोरांना वंदन करते. पोशेऱ्याच्या ग्रामस्थांचे आभार मानते. त्यांतले बहुसंख्य आपल्या धर्माचे नाहीत, तरी या मांडवाचे बांबू त्यांच्या रानातले आहेत आणि सकाळी आपण प्यालेलं पाणी त्यांच्या बायकांनी भरलेलं आहे. टंचाईच्या मोखाड्यात पाणी भरून देणं ही काय गोष्ट आहे, हे ज्यांना माहीत आहे त्यांना अधिक सांगायला नको.

अध्यक्षाने आढावा घ्यावा अशी प्रथा आहे, तो घेते. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात राचोल इथे छापलं गेलं. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी 1857 ची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं आपण दर रविवारी गातो. लक्ष्मीबाई टिळक 1933 साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा होत्या. आपल्याच जिल्ह्यातल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ही परंपरा मोठी आहे आणि तिचा गौरव दर संमेलनात होतो. आज मी या थोरांकडे परत जाणार आहे ते एकाच प्रश्नासाठी. तो प्रश्न मी कित्येक वर्षं बैठकांमधून विचारत आले आणि तो दर वेळी ‘पुढच्या सभेत घेऊ’ असं सांगून बाजूला ठेवला गेला. आज सभा माझ्या ताब्यात आहे.

तो प्रश्न संमेलनाच्या विषयातूनच निघतो. विषय आहे, देवाने दिलेल्या देणग्या आणि देवाची सेवा. माझं म्हणणं असं आहे की आपल्या मंडळ्यांनी देवाच्या देणग्यांमधून बोलणाऱ्या तोंडाची देणगी तेवढी निवडून घेतली आणि काम करणाऱ्या हातांची देणगी परत पाठवली. ज्याला बोलता येतं त्याला आपण सेवक म्हणतो. त्याच्यासाठी शिबिर, त्याच्यासाठी प्रमाणपत्र, त्याच्यासाठी व्यासपीठावरची खुर्ची. ज्याच्या हातात कला आहे, कौशल्य आहे, त्याला आपण सांगतो, ‘छान, पण उपासनेच्या वेळी तेवढं बाहेर ठेव.’ जव्हार-मोखाड्यात याची किंमत इतर ठिकाणांपेक्षा जास्त मोजावी लागली आहे, कारण इथल्या माणसाकडे देवाने जे दिलं ते बहुतेक सगळं हातातच दिलं आहे.

काल दुपारच्या परिसंवादात कृपादानांवर बराच वाद झाला. एका विद्वान बंधूंनी सांगितलं की पौलाने करिंथकरांना आणि रोमकरांना लिहिलेल्या पत्रांत ज्या दानांची नावं आहेत तीच आत्म्याची दानं. बाकी सुतारकाम, विणकाम, सुईणपण ही नैसर्गिक कौशल्यं, ती विश्वास न ठेवणाऱ्यालाही असतात, म्हणून त्यांना सेवा म्हणता येणार नाही. दुसऱ्यांनी त्यांना दुजोरा दिला. मी गप्प बसले, कारण मला आज बोलायचं होतं.

सुईणपणाचीच गोष्ट सांगते. एका पाड्यावर एक दाई होती. तिचं नाव घेत नाही, तिची नातवंडं तुमच्यात बसलेली असतील. अक्षरओळख नव्हती. बाप्तिस्मा घेतला तेव्हा वय बरंच झालेलं. तिने मला जे शिकवलं ते नर्सिंगच्या पुस्तकांत होतं, पण माझ्या बोटांत नव्हतं. पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे, हे ती डोळे मिटून सांगायची.

एका पावसाळी रात्री त्या पाड्यावर एका मुलीला कळा लागल्या. मी तिथेच अडकले होते, कारण ओढ्याला पाणी होतं. दाईने पोट चाचपलं आणि हात काढून घेतला. मूल आडवं होतं. मी तपासलं, तिचं खरं होतं. आडव्या मुलाचं बाळंतपण घरी होत नाही, आई आणि मूल दोघं जातात, हे तुमच्यातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. त्या रात्री पाड्यावर आमच्या मंडळीचे एक सुवार्तिकही मुक्कामाला होते. भले गृहस्थ होते. ते म्हणाले, आता अंधारात ओढा ओलांडणं धोक्याचं आहे, आपण सगळे मिळून रात्रभर प्रार्थना करू आणि उजाडल्यावर निघू. माणसंही थांबायला तयार झाली. तेव्हा ती दाई उठली, बांबूला गोधडी बांधायला घेतली आणि म्हणाली, ‘परार्थना वाटंत करा. आधी झोळी उचला.’

वरच्या अंगाला ओढा कुठे उथळ होतो हे तिला ठाऊक होतं. पुरुष तिच्या मागून गेले. सुवार्तिकांनीही खांदा दिला आणि वाटेत प्रार्थना केली, अगदी मनापासून केली. मुलीला जव्हारला पोचवलं, तिथून पुढे नाशिकला नेलं. आई आणि मूल दोघं घरी आली.

त्या वर्षीच्या मंडळीच्या अहवालात किती प्रवचनं झाली, किती गावांना भेटी दिल्या, किती पत्रकं वाटली, हे सगळं होतं. त्या सुवार्तिकांचं नाव होतं. दाईचं नव्हतं. मी विचारलं तर उत्तर आलं, ‘बाई, तो आरोग्य खात्याचा विषय आहे.’

आता कालच्या वादाचं उत्तर द्यायचं तर मला पौलाकडे जायची गरज वाटत नाही, त्याच्या आधी जाता येतं. निर्गमाचा 31वा अध्याय काढा. देव मोशेला एका माणसाचं नाव घेऊन सांगतो की मी याला माझ्या आत्म्याने भरलं आहे. ‘मी याला भरलं’ असं देव स्वतः नाव घेऊन म्हणतो असा बायबलातला हा पहिला माणूस. तो संदेष्टा नव्हता, याजक नव्हता, उपदेशकही नव्हता. तो यहूदा वंशातला बसालेल, कारागीर. सोनं, रुपं, पितळ, लाकूड यांवर काम करणारा. त्याच्या जोडीला दान वंशातला अहलियाब. दर्शनमंडप उभा करायला देवाने आत्मा दिला तो यांच्या हातांना. मोशेला स्वतःला नीट बोलता येत नव्हतं, तो जड जिभेचा होता, हेही त्याच पुस्तकात आधी लिहिलेलं आहे. पुढे नव्या करारात यापो गावची टबीथा मेली तेव्हा विधवा रडत पेत्राला काय दाखवतात? तिने शिवलेले झगे आणि कपडे. तिचं एकही वाक्य बायबलात नाही. आणि ज्या पौलाच्या यादीवर काल एवढा वाद झाला, तो करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहून राहुट्या शिवत होता. आमच्या प्रभूने सेवाकार्य सुरू करण्याआधीची सगळी वर्षं सुताराच्या घरात काढली. ती वर्षं देवाने वाया घालवली, असं कुणाला म्हणायचं असेल तर त्याने इथे उभं राहून म्हणावं.

विश्वास न ठेवणाऱ्यालाही कौशल्य असतं, हा मुद्दा खरा आहे. बोलण्याचं कौशल्यही विश्वास न ठेवणाऱ्यालाच अधिक असतं, कोणत्याही निवडणुकीच्या सभेला जाऊन पाहा. तरी वक्तृत्वाला आपण मंडळीत आणतो, त्यावर हात ठेवून प्रार्थना करतो आणि त्याला दान म्हणतो. मग दाईच्या बोटांनी काय घोडं मारलं आहे?

गैरसमज नको म्हणून सांगते. बाळंतपण घरी व्हावं असं मी म्हणत नाही. ते दवाखान्यात व्हावं म्हणून मी आयुष्यभर भांडले. 1992 साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला मुलं कुपोषणाने मेली, ते दिवस ज्यांनी पाहिले ते दवाखान्याची थट्टा करू शकत नाहीत. डहाणूला ब्रदरन मिशनच्या डॉ. बार्बरा निकींनी दवाखाना चालवला, मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1890 च्या दशकात काम सुरू केलं, त्यांच्या मागून हजारो मुली परिचारिका झाल्या. मी त्याच वाटेवरची आहे. पण त्या दाईची देणगी नेमकी हीच होती की आपल्या हातांनी कुठे थांबायचं हे तिच्या हातांना कळत होतं. अशा बाईला मंडळीने पुढे बसवलं असतं, शिकाऊ मुली तिच्या हाताखाली दिल्या असत्या, तर आज त्या पाड्यावर तिच्यामागे कुणी असतं. ती गेली आणि तिच्या बोटांतलं सगळं तिच्याबरोबर गेलं.

याच महाराष्ट्रात एका बाईने हे करून दाखवलं होतं, म्हणून माझा राग अधिक आहे. पंडिता रमाबाईंचं नाव आपण घेतो तेव्हा त्यांच्या संस्कृतविषयी बोलतो, त्यांच्या भाषणांविषयी बोलतो. त्यांच्यापाशी जिभेची देणगी अपार होती, कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं ते उगाच नव्हे. पण केडगावला मुक्ती सदनात त्यांनी काय उभं केलं ते बघा. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली आणल्या. त्या मुलींना बसवून नुसतं वचन ऐकवलं नाही. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, स्वयंपाक, शुश्रूषा, शिवण, ज्या मुलीच्या हाताला जे येईल ते तिला दिलं. अंध मुलींसाठी वेगळी सोय केली, त्यांना बोटांनी वाचायला शिकवलं. आणि छापखाना काढला. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं, कारण त्यांना ते अडाणी बाईला समजेल असं हवं होतं. त्या बायबलाचे खिळे कुणी जुळवले? मुक्तीच्याच मुलींनी, बायकांनी. ज्या हातांना दुष्काळात भीक मागायची वेळ आली होती, त्याच हातांनी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत अक्षर अक्षर लावलं. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या, तोवर भाषांतराचं काम त्यांनी पुरं केलं होतं. ग्रंथ 1924 साली बाहेर आला. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासावर इतके प्रबंध आहेत, त्यांत एकदा तरी त्या जुळारी मुलींवर स्वतंत्र प्रकरण यावं. मला विचाराल तर त्या छापखान्याच्या खोलीत जेवढी उपासना झाली, तेवढी आपल्या कितीतरी देवळांत होत नाही.

लक्ष्मीबाईंचंही तेच. त्यांचं शिक्षण म्हणजे टिळकांनी घरी शिकवलं तेवढं. टिळक 1919 साली गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य जेमतेम सुरू झालं होतं. ज्यांना सेवेचा अधिकार नाही असं कुणीही म्हटलं असतं अशा या बाईने बाकीचे साठाहून अधिक अध्याय लिहून तो ग्रंथ पुरा केला. मंडळीच्या कुठल्या समितीने लक्ष्मीबाईंच्या देणगीची आधी पारख केली होती?

आता ज्या गोष्टीसाठी मी हे अध्यक्षपद स्वीकारलं ती सांगते.

या भागात तरपा काय आहे हे पोशेऱ्याच्या माणसांना सांगायला नको, पण नाशिक, नगर, मुंबईहून आलेल्यांसाठी सांगते. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचं लांब तोंड, आणि सगळं जोडायला मधमाश्यांचं मेण. वाजवणारा श्वास तुटू देत नाही, गालात हवा धरून ठेवतो. नवं भात आलं की तरपा निघतो आणि बायकापुरुष हातात हात गुंफून त्याच्याभोवती रात्रभर नाचतात. वाजवणारा वळेल तशी रांग वळते.

एका पाड्यावर एक तरपावाला होता. आसपासच्या गावांतून त्याला बोलावणं यायचं. तरपा तो स्वतः बनवायचा, मेण कुठल्या झाडावरचं चांगलं ते त्याला कळायचं. त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढच्याच आठवड्यात मंडळीच्या वडिलांनी त्याला सांगितलं, आता तू नवा मनुष्य झालास, हे जुनं वाद्य सोड. त्याने तरपा घराच्या आढ्याला टांगला. नाताळला मंडळीने शहरातून कीबोर्ड आणला, वाजवणारा मुलगाही शहरातला. लाऊडस्पीकर लागला. पाड्यातली माणसं भिंतीला टेकून ऐकत बसली, गायलं कुणी नाही, कारण त्या चालीत त्यांना शिरताच येईना. म्हाताराही बसला होता, त्याचे हात मांडीवर होते आणि बोटं हलत होती. मी त्याच्याशेजारी होते म्हणून मला दिसलं.

मी बैठकीत विषय काढला. तरपा देवळात येऊ द्या, त्याला स्तुतीला वाजवू द्या. उत्तर मिळालं की तरपा नारनदेव, हिमाय या आदिवासी दैवतांपुढे वाजतो, तो मूर्तिपूजेशी जोडलेला आहे, दुर्बळ विश्वासणाऱ्याला अडखळण होईल. हा आक्षेप हलका नाही, मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. पण स्तोत्र 150 काढा. कर्णा, वीणा, सारंगी, डफ, तंतुवाद्यं, पावा, झांजा. यांतलं कोणतं वाद्य इस्राएलाच्या शेजाऱ्यांच्या देवळांत वाजत नव्हतं? ज्या ऑर्गनला आपण देवळाचं वाद्य समजतो तो रोमच्या आखाड्यांत खेळांच्या वेळी वाजायचा. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी त्याच आखाड्यांत प्राण दिले. तरीही शतकांनंतर मंडळीने ऑर्गन आत घेतला आणि देवाच्या स्तुतीला लावला. रोमच्या आखाड्याचं वाद्य पवित्र होऊ शकतं आणि मोखाड्याच्या खळ्यातलं होऊ शकत नाही, हा न्याय कुठला? कॅथलिक बंधूंना तर हा प्रश्न पडायलाच नको. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 सालच्या उपासनेवरच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटलं आहे की ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला मान द्या आणि उपासनेत जागा द्या. साठ वर्षं होऊन गेली. ते मोखाड्याला अजून यायचं आहे.

आणि स्टीफन्सनी काय केलं? इंग्लंडातून 1579 साली गोव्यात आलेला हा जेझुइट. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या हातून जुनी पुराणं गेली होती, त्यांचे कान सुने झाले होते. स्टीफन्सनी त्यांच्यापुढे लॅटिनची पोथी ठेवली नाही. ओवी घेतली, पुराणाचा साचा घेतला, मराठी शिकून सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. ज्ञानेश्वरांची ओवी त्यांना बाटलेली वाटली नाही. टिळकांनी अभंग घेतला, भजन घेतलं, कीर्तन घेतलं. त्यांच्याआधीही नगरकडे ख्रिस्ती कीर्तनं होत होती, कृष्णराव सांगळ्यांचं नाव जुनी माणसं अजून घेतात. अभंग तर विठ्ठलापुढे गायला जातो, वीणा आणि टाळ वारकऱ्यांचे. ते सगळं मंडळीत आलं आणि आज त्यावर कुणी बोट ठेवत नाही. मग तरपाच का अडतो? मी उत्तर देते, आणि ते कुणाला लागलं तर लागू दे. ओवी आणि अभंग लिहिणाऱ्यावाचणाऱ्यांचे होते. तरपा वारल्याचा आहे, कोकण्याचा आहे, ठाकराचा आहे. आपली मंडळी भाषेच्या आणि जातीच्या पायऱ्या अजून मोजते.

याला दुसरी बाजू आहे आणि ती गंभीर आहे. आज गावोगावी प्रचार चालतो की आदिवासी ख्रिस्ती झाला की आदिवासी राहत नाही, त्याला अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा. कायद्याने आज तसं नाही. जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. आपण त्या मागणीचा निषेधही करतो. पण ज्या मंडळीत तरपा उंबऱ्याबाहेर ठेवावा लागतो, ज्या मंडळीत मुलीला लग्नात चौक लिहू देत नाहीत, ज्या मंडळीत वारली बोलीत प्रार्थना केली तर ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावतात, ती मंडळी त्या प्रचारकांच्याच बाजूने साक्ष देते. हे मी आपल्या विरोधकांना सांगत नाही. तुम्हाला सांगते.

चौकाचा विषय निघाला म्हणून सांगते. वारली लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, लग्नविधी करणारी धवलेरी गाते, मधे पालघाट देवी असते. आमच्या मंडळीतल्या एका मुलीने नाताळच्या आधी देवळाच्या मागच्या भिंतीवर, शेणगेरूच्या सारवणावर, तसाच चौक लिहिला. मधे देवी नव्हती. गव्हाणी होती, बाळ होतं, मरीया होती, मेंढपाळांच्या जागी गुराखी होते आणि भोवताली भाताची लोंबरं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिच्या हातांना सुचलं. शहरातून पाहुणे यायचे होते, म्हणून आदल्या दिवशी मंडळीतल्याच जबाबदार माणसांनी त्यावर चुना फासला आणि तिथे परदेशी छापील चित्र लावलं. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना याच कलेसाठी 2011 साली पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रं जगभर गेली. जगाने जिला हात जोडले तिच्यावर आपण चुना फासला. त्या मुलीने देवळात पुन्हा चित्र काढलं नाही. आता ती चित्रं काढते ती हातपिशव्यांवर, दुकानासाठी. पोटापुरतं मिळतं. देवाची सेवा म्हणून जे द्यायला आली होती ते आपण घेतलं नाही.

तरपावाला म्हातारा पुढे गेला. त्याचा मुलगा दर वर्षी वीटभट्टीवर जायचा, वाद्य शिकायला त्याला सवडच मिळाली नाही. म्हाताऱ्याचा तरपा मुंबईच्या एका पाहुण्याने शोभेसाठी विकत नेला. अंत्यविधीला मी होते. पाळकांनी चांगलं प्रवचन केलं. तो विश्वासू होता, उपासना चुकवत नव्हता, असं म्हणाले. तो तरपा वाजवायचा हे कुणी बोललं नाही.

मत्तयाच्या 25व्या अध्यायात धन्याने चाकरांना सोपवलेल्या धनाचा दाखला आहे. आपण तो दर वर्षी दानसंग्रहाच्या रविवारी वाचतो आणि ज्याने धन जमिनीत पुरलं त्या चाकराला दोष देतो. या डोंगरात मी जे पाहिलं ते वेगळं आहे. इथे चाकर धन घेऊन दारात आला होता, आपणच त्याला खड्डा खणायला लावलं.

आता पुढे काय करायचं ते. या संमेलनाने एक काम हाती घ्यावं अशी माझी इच्छा आहे. प्रत्येक मंडळीने आपल्या पाड्यांवर कुणाच्या हाताला काय येतं याची नोंद करावी. दाया, जडीबुटी ओळखणारे, तरपा बनवणारे, चौक लिहिणाऱ्या, बोहाड्याचे मुखवटे करणारे, दगडी बांध रचणारे. वारली आणि कोकणा बोलीतल्या प्रार्थना आणि गाणी ध्वनिमुद्रित करावीत. त्यांचा संग्रह निघाला तर उत्तम. कुणी करायचं, पैसा कुठून आणायचा, हे कार्यकारिणीने ठरवावं. नव्या पाळकांच्या अभ्यासक्रमात पाड्यावर कारागिराच्या हाताखाली काही काळ राहणं असावं, याचाही विचार व्हावा. तपशील आपण पुढे बसून पाहू.

पण एक गोष्ट थांबू शकत नाही, ती आत्ताच सांगते. आपण दर वर्षी सगळी शक्ती नाताळवर खर्च करतो आणि मग तक्रार करतो की देवळात माणसं कमी. दिवाळी झाली की या तालुक्यांतली कितीतरी माणसं भिवंडी, वाडा, वसईकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. हात पाड्यावर असतात ते भात कापेपर्यंत, आणि तरपा वाजतो तोही त्याच दिवसांत. म्हणून माझी पोशेऱ्यापासून जव्हारपर्यंतच्या प्रत्येक मंडळीला विनंती आहे. यंदा सुगीच्या आभारप्रदर्शनाची उपासना नवं भात घरात येताच घ्या, माणसं भट्टीला निघण्याआधी घ्या. ती देवळात बसत नसेल तर खळ्यावर घ्या. प्रवचन आखूड करा. ज्याने भात पिकवलं, ज्याने सूप विणलं, जिने पोरं सुखरूप काढली, त्यांना पुढे उभं करून मंडळीने त्यांच्या हातांवर हात ठेवून प्रार्थना करावी, जशी आपण पाळकांसाठी करतो. आणि तरपा वाजवणारे या भागात अजून आहेत, मोजके आहेत आणि वयाने थकलेले आहेत. त्यांच्या घरी पाळकांनी स्वतः जावं, त्यांना उपासनेला बोलवावं आणि वाद्य बरोबर आणायला सांगावं.